किनाऱ्यावरचे दहा गुंठे हेही वावरच

नागपुरात सध्या कोकणातल्या जमिनीचा विषय एकदा निघाला की संपत नाही. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसखालच्या टपरीवर, रविवारच्या पुरवणीतल्या जाहिरातींत सगळीकडे 'समुद्राला लागून दहा गुंठे, स्वतंत्र सातबारा' हाच घोष. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. त्याआधीच वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंत साधारण 800 किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाचा प्रस्ताव पुढे आला होता. ज्यांच्या जमिनी त्यात जाणार त्या शेतकऱ्यांचा, विशेषतः कोल्हापूरकडे, त्याला कडवा विरोध आहे आणि तो मला पटतो. पण रस्ता होवो न होवो, त्याचं नाव घेऊन किनाऱ्यावरच्या गुंठ्यांचे भाव बोलले जाऊ लागलेत. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, ही अट इथे फारशी आड येत नाही. आर्वी-हिंगणघाटकडे आजोबांच्या सातबाऱ्यावर ज्याचं नाव चढलंय, तो नागपूरकर कागदोपत्री शेतकरीच असतो आणि राज्यात कुठेही वावर विकत घेऊ शकतो.

घेऊन करणार काय, असं विचारलं तर उत्तर बहुतेकांकडे एकच. चिऱ्याचं कंपाउंड, आत छोटा बंगला, पुढे हिरवळ, कडेला शोभेपुरते चार माड. शेतीचं नाव काढलं की हसतात. "दहा गुंठ्यांत कसली शेती होते?"

होते. आणि माझं म्हणणं असं की किनाऱ्यावरचा लहान तुकडा शेत म्हणूनच घ्यावा, शेत म्हणूनच राखावा. ज्याची स्वतः शेती करायची, किंवा गावातल्या कोणाला सन्मानाने सोबत घेऊन करवून घ्यायची तयारी नाही, त्याने तो घेऊच नये. हे बोलणं काही ओळखीच्यांना टोचेल, पण ते मऊ करून सांगण्यात अर्थ नाही.

आपली अडचण मापाची आहे. विदर्भात वावर एकरात मोजतात. पाच एकरवाला लहान शेतकरी, दोन एकरवाल्याला तर धड शेतकरीही म्हणत नाहीत. घराची जागा चौरस फुटांत मोजतात, पंधराशे फुटांचा प्लॉट म्हणजे संसाराची जमवाजमव झाली. या दोन मापांच्या मधे आपल्या डोक्यात काहीच नाही. दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. नागपूरकराला हा आकडा सांगा, तो लगेच मनात सात प्लॉट पाडतो. यात त्याचा दोष कमी, त्याने जे पाहिलं त्याचा जास्त. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा ही कालपरवापर्यंत वावरं होती. तूर होती, कापूस होता, विहिरी होत्या. मग चुन्याच्या रेघा पडल्या, लेआउट झाले, नाल्या नंतर आल्या आणि नियमित करण्याचे अर्ज त्याहून नंतर. 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा आला तो अशाच वस्त्यांसाठी, आणि अशा अनधिकृत वस्त्यांसाठीचे 'एकोणीसशे लेआउट' हे शब्द या शहरात अजून सरकारी कागदांत फिरतात. गुंठ्यात मोजलेली जमीन म्हणजे इमारतीची वाट पाहणारी जमीन, हे आपल्याला इथेच शिकायला मिळालं. तेच शिक्षण घेऊन आपण समुद्राकडे निघालोय.

किनाऱ्यावरची शेती मुळातच एकराची नाही. माझी आतेबहीण लग्न होऊन मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला गेली. तिच्या सासरचं आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, अर्ध्या एकराहूनही लहान आहे. वर्ध्याकडच्या काळ्या मातीत वाढलेल्या मला ते पहिल्यांदा परसबाग वाटलं होतं. नंतर कळलं की त्यात आमच्या वावरापेक्षा जास्त हिशोब आहे.

माड साधारण साडेसात मीटरवर लावतात. त्या हिशोबाने दहा गुंठ्यांत अठरा माड बसतात. एका माडाच्या वाट्याला सुमारे 56 चौरस मीटर जमीन येते, पण त्याची काम करणारी मुळं बुंध्याभोवती दोनेक मीटरच्या घेरात असतात. म्हणजे तीन चतुर्थांश जमीन माडाने अडवलेलीच नाही. झाड पंचवीसेक वर्षांचं झालं की वर उंच जातं आणि खाली पुन्हा भरपूर ऊन उतरतं. या मोकळ्या जागेत केळ, अननस, सुरण, हळद. सावली मानवणारं जायफळ. जरा उजेडाकडे दालचिनी. आणि माडाच्या नाहीतर सुपारीच्या खोडावर मिरीचा वेल. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यांनी हीच जुनी रीत मोजूनमापून मांडली, तिला 'लाखी बाग' म्हणतात. विद्यापीठाचं 'कोकण तेज' दालचिनी, 'कोकण सुगंधा' जायफळ, 'कोकण अमृता' कोकम या जाती अशाच बागांत शोभतात. मजल्यांची ही शेती आहे. जमिनीखाली कंद, गुडघ्याएवढ्या उंचीवर अननस, डोक्यावर केळ, त्यावर सुपारी, सगळ्यांवर माड. आपण सपाट वावर पाहायला सरावलेले, म्हणून फक्त खालचा मजला मोजतो.

मे महिन्याच्या शेवटी त्या आगरात माडांची आळी उघडली जातात. कुदळीने बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने ओढायची, बारीक मुळांना धक्का न लावता. आळ्यात आधी नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, उताणी मांडायची, एकाला एक लागून. त्यावर हिरवा पाला, शेण, चुलीची राख, जवळ बंदर असेल तर माशांची कुटी. मग माती. ही उताणी सोडणं पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत झाडाला देतात. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नागपूरच्या जवळजवळ तिप्पट. पण जांभ्या दगडाच्या आणि पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या, जमिनीत तो थांबत नाही. आमची काळी माती पाणी धरते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा देते. तिथली माती एका रात्रीत पाणी सोडून देते. म्हणून तिथे प्रत्येक झाडाजवळ पाण्याची सोय करावी लागते, आणि ती हातानेच करावी लागते. शंभर झाडांवर हे एका घराला झेपत नाही, अठरावर झेपतं.

विहिरीचं तर वेगळंच शास्त्र आहे. किनाऱ्यालगत जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्याहून हलकं, म्हणून त्याच्यावर थरासारखं तरंगत राहतं. विहीर या वरच्या थरातून भरते. थोडं थोडं उपसलं तर थर टिकतो. दणकून उपसा केला की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं, आणि एकदा चढलेलं खारेपण पुढचा पावसाळा पाहिल्याशिवाय सहसा उतरत नाही. बहिणीच्या सासूबाई, सगळे त्यांना माई म्हणतात, संध्याकाळी पंप बंद करताना म्हणायच्या, "बावीत दिसता तितका पानी आपला नसता." रहाटाच्या काळात उपसा आपोआप बेताने व्हायचा. आता शेजारच्या तुकड्यात बंगला येतो, हिरवळ येते, कधी पोहण्याचा तलाव येतो आणि पाच अश्वशक्तीची मोटर तासन् तास चालते. मग एप्रिलमध्ये शेजारच्या सुपारीची पानं कडेने करपायला लागतात. तुमच्या कंपाउंडच्या आत तुम्ही काय करता ते तुमचं, हे वाक्य बेलतरोडीत एक वेळ खपेल. किनाऱ्यावर पाण्याला कंपाउंड नसतं.

आता पैशाकडे येते, कारण नागपूरकर इथेच थांबून विचारणार. अठरा माड, नीट राखलेल्या झाडाला वर्षाला ऐंशी नारळ धरले तर साधारण 1,440. नगाला वीस रुपये धरा, 28,800 होतात. मिरी, जायफळ, केळी यांचं वेगळं. ही ढोबळ मिळकत, यातून पाडेलीची, म्हणजे नारळ पाडणाऱ्याची, मजुरी, खत, वीज वजा. शेजारी विदर्भातला एक एकर कोरडवाहू कापूस ठेवा. बऱ्या वर्षी पाच क्विंटल आला आणि 2025-26 चा लांब धाग्याचा 8,110 रुपयांचा हमीभाव सगळ्या मालाला मिळाला, असं समजू. 40,550 झाले, आणि त्यातून बियाणं, फवारणी, डवरणी, वेचाई गेली. पाव क्षेत्रातल्या बागेची ही बरोबरी लाजिरवाणी नाही. शिवाय कापसाचं सगळं एका पिकावर आणि एका पावसावर. आगरात सुपारीला कोळेरोग लागला तरी मिरी हाताशी असते.

पण हेही सांगितलं पाहिजे की दहा गुंठ्यांवर कुटुंबाचं पूर्ण पोट भरत नाही. कोकणात ते कधीच नुसत्या आगरावर भरलेलं नाही. मासळी, भाताची खाचरं, मुंबईची मनीऑर्डर यांच्या जोडीनेच आगर उभं राहिलं. बाणवली या उंच जातीच्या माडाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा ही रोजची दुखणी आहेत. वानर-माकडांनी तर कित्येक गावांत लोकांना शेती सोडायला लावली. आणि आज जो भाव देऊन नागपूरकर जमीन घेतो, तो भाव नारळ विकून या जन्मात वसूल व्हायचा नाही. जो एजंट 'बागेच्या उत्पन्नातून हप्ता फिटेल' म्हणतो, त्याच्याजवळून उठून यावं. पंधरा लाखांचा बंगला बांधताना उत्पन्नाचा प्रश्न कोणी विचारत नाही, बागेलाच तो का विचारतात, हेही मला कळत नाही.

लहान तुकड्याला शेत न मानण्याची ही सवय सरकारलाही आहे, आणि तिची किंमत लोकांनी मोजलीय. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, पलीकडे दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. भरपाई जाहीर झाली ती बागायतीला हेक्टरी 50 हजार. दहा गुंठेवाल्याच्या हाती पडतात पाच हजार. सुपारी 2.7 मीटरवर लावतात, म्हणजे त्याच्या दहा गुंठ्यांत सव्वाशेहून जास्त झाडं. एका झाडामागे चाळीस रुपयेसुद्धा नाहीत, आणि नवं झाड फळायला पुन्हा कित्येक वर्षं. ओरड झाल्यावर झाडागणिक मदतीचा निर्णय आला, सुपारीला 50 आणि नारळाला 250 रुपये. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच, पण माप बरोबर होतं. नारळाचा विमाही झाडागणिकच उतरवता येतो, पाच झाडं असली तरी. म्हणजे हे शासनाला जमत नाही असं नाही. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत इतर विभागांना किमान 20 गुंठ्यांची अट आहे आणि कोकणाला 10 गुंठ्यांची. योजनेला नाव आहे खामगावच्या, म्हणजे आपल्याच भागातल्या दिवंगत कृषिमंत्र्याचं. दहा गुंठ्यांचीही बाग असते, हे ज्या कागदावर सरकारने मान्य केलंय, तो प्लॉट घ्यायला निघालेल्या प्रत्येक नागपूरकराने वाचावा.

दुसरा कागद याहून महत्त्वाचा. किनारा नियमन क्षेत्राचे नियम, ज्याला सगळे सीआरझेड म्हणतात, 1991 पासून आहेत आणि 2011 व 2019 मध्ये ते बदलले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंतचा पट्टा सर्वसाधारणपणे ना-विकास क्षेत्रात येतो. दाट वस्तीच्या गावांसाठी 2019 च्या नियमांनी तो अटींवर 50 मीटरपर्यंत खाली आणला, पण असं प्रत्येक गाव नाही. या पट्ट्यात नवा बंगला बसत नाही. शेती, बागायत चालते. 'समुद्राला लागून' या शब्दांवर जी जमीन जास्त भावाने विकली जाते, तिच्यात कायदा नेमकी तीच गोष्ट करू देतो जी घेणाऱ्याला करायची नाही. मग सुरू होते पळवाट. पत्र्याची शेड, 'शेतघर', पुढे हळूच स्लॅब. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाला विकणाऱ्याने हा नकाशा दाखवलाच नव्हता. पैसे दिल्यावर ग्रामपंचायतीत कळलं. आज तिथे गवत वाढलंय आणि शेजारच्या आगरात डुकरं शिरतात ती त्याच गवतातून.

पडीक तुकडा ही कोकणातली जुनी जखम आहे आणि ती बाहेरच्यांनी केलेली नाही. एका सातबाऱ्यावर वीस-तीस नावं, निम्मी मुंबईत, कोण कोणाला विचारणार. त्यात 1948 चा कुळकायदा. 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वाने लाखो कुळांना माणसासारखं जगता आलं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याची एक सावली अजून उरलीय. मालक जमीन कोणाला कसायला द्यायला घाबरतो, कूळ लागेल म्हणून. त्यापेक्षा ओस पडलेली बरी. विदर्भातही भीती आहेच, तरी पाडव्याच्या सुमारास वावरं ठेक्याने, बटईने देण्याची रीत सुरू आहे. ती सगळी तोंडी, म्हणून कसणाऱ्याला ना पीककर्ज मिळत ना विमा. नीती आयोगाने 2016 मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याच्या कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला होता. मालकी मालकाकडे सुरक्षित, आणि मुदतीपुरता कसणाऱ्याला कर्ज-विम्याचा हक्क, असा त्याचा गाभा. महाराष्ट्राने वीस गुंठ्यांखालच्या तुकड्यांसाठी तरी असा साधा, तलाठ्याकडे नोंदता येणारा करार आणावा. दहा वर्षांचा असावा, कारण माड एका हंगामात येत नाही.

इथे कोकणातले मित्र एक कडक आक्षेप घेतात, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. ते म्हणतात, तुम्ही शेती करा नाहीतर बंगला बांधा, तुमच्या येण्याने भाव चढले आणि आमच्या मुलांना आमच्याच गावात पाच गुंठे परवडेनासे झाले. याला उत्तर नाही असं मी म्हणणार नाही, पण माझ्याकडे अर्धंच आहे. जमीन विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेऊन लावता आली, तर बाहेरच्याचा पैसा बागेत जाईल आणि मालकी गावात राहील. ज्यांनी घेऊन झालीय, त्यांनी शेजारच्या घराशी वाटा ठरवावा. लिहून, आणि कसणाऱ्याला निम्म्याहून कमी नाही. झाडावर चढणारा तो, रात्री डुकरं हाकलणारा तो, वादळानंतर पडलेले माड तोडणारा तो. आपण नागपुरात बसून फोनवर विचारतो, "किती निघाले?"

तुकडेबंदीचा विषय यात येतोच. 1947 चा हा कायदा जमिनीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून आला आणि त्याचा हेतू चांगला होता. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे असं प्रमाणक्षेत्र, म्हणजे तुकड्याची किमान मर्यादा, ठरलं. अनेकांनी हा बदल प्लॉट पाडायला मोकळीक म्हणून वाचला. मला तो उलटा वाचावासा वाटतो. दहा गुंठे बागायत विकायला परवानगी आहे ती बागायत म्हणून. मग खरेदीनंतर पाचेक वर्षांनी पीकपाहणी करून सातबाऱ्यावर बाग उभी आहे की नाही, हे पाहायला काय हरकत आहे? ई-पीक पाहणी मोबाइलवर होते. बाग नसेल तर मालकाने तो तुकडा गावातल्या कसणाऱ्याला भाडेपट्ट्याने द्यावा, अशी अट खरेदीखतातच टाकता येईल. हे कोणाला जाचक वाटेल. पण शेतकऱ्यालाच शेतजमीन मिळेल हा नियम आपण नाव शेतकऱ्याचं आहे का इथेच थांबवला, शेती होते का हे कधी पाहिलंच नाही.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांना खरंच जायचंय त्यांनी पावसाळ्यात जमीन पाहायला जाऊ नये. तेव्हा कोकणातला प्रत्येक तुकडा हिरवागार दिसतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जावं, विहिरीचं पाणी तोंडात घेऊन पाहावं, तहसीलमध्ये किंवा ग्रामपंचायतीत सीआरझेडचा नकाशा मागावा, आणि शेजारच्या घरात बसून विचारावं की माडावर चढणारं गावात आता कोण उरलंय.